चौथं चाक

आधी चाक गार होऊ द्यायचं.
वणीहून मुकुटबनला येईस्तोवर ब्रेक तापलेले असतात,
तापल्या चाकावर पाणी मारलं की डाग आलाच.
तोवर पुनाजीभाऊ मडावी बाकावर टेकतात,
टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात.
एकतीस वर्षं एसटी चालवली,
स्वतःची गाडी घेतली ती रिटायर झाल्यावर,
नागपूरहून, दुसऱ्या हाताची.
इंजिन कुणालातरी ऐकायला लावलं, स्वतः चाकंच पाहिली.
"एसटीले कुठचे वं असे चाकं!"

इथली धूळ साधी नाही.
कोळशाच्या ट्रकांमागून येते,
ब्रेकच्या भुकटीशी सोयरीक करते
आणि आऱ्यांच्या बेचक्यात संसार मांडते.
साबण, मऊ ब्रश, नटांच्या खोबणीत दात घासायचा जुना ब्रश.
मग पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून:
चारशे, आठशे, बाराशे, दोन हजार.
चारशेच्या पेपरनं चाक आणखीच वाईट दिसतं.
गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच चहा संपवून उठतं.

मग पॉलिश, आणि फडकं काळं.
नवी होते तेव्हा वाटायचं, मळ निघतोय.
घासत राहिले, काळं येतच राहिलं,
दुपार झाली, तरी येतच राहिलं.
झिलपे मालक वरून म्हणाले,
"तो मळ नाही वं पोरी. ते चाकच होय."

त्या दिवसापासून हात जरा हलका पडतो.

आमच्याकडं पातेल्याला गंज म्हणतात.
जर्मनच्या गंजाला गंज चढत नाही,
तो फक्त धुरकट होतो.
आई राखेनं घासायची, आरशासारखा करायची,
चार दिवसांत पुन्हा तोच पावसाळी रंग.
आता कळतं, तो रंग म्हणजे त्याची कातडी.
उघडं पडलं की ॲल्युमिनियम
लगेच काहीतरी पांघरून घेतं.
आपण ते ओढून काढतो
आणि म्हणतो, नवं झालं.

पुनाजीभाऊंचं चौथं चाक, मागचं डावं,
ते माझं आहे.
कामावरचा माझा पहिला आठवडा,
घाई होती, फरशीचं ॲसिड हाताशी होतं.
फेस आला, वास आला,
आणि चाकावर चुना फासल्यासारखं पांढरं उमटलं.
मी रडले नाही. पाणी मारत राहिले,
टाकी रिकामी होईस्तोवर.
ते उकिडवे बसले, चाकावर बोट फिरवलं,
पुढच्या चाकावर फिरवलं, पुन्हा मागच्या.
"म्या पैल्या सालात डेपोची भिंत पाडली होती,"
एवढंच म्हणाले
आणि दोनशेची नोट मालकाच्या हातात दिली.

तेव्हापासून दर वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी येतात.
तीन चाकं तासाभरात होतात.
चौथं उरलेला दिवस घेतं.
आतून बारीक खड्डे पडलेत, त्यांत धूळ घर करते,
सगळ्यात आधी तेच अंधुक होतं.
दुसऱ्या कुणाला मी ते करू देत नाही,
आणि दुसरं कुणी मागतही नाही.

शेवटचं पाणी बोअरचं चालत नाही,
क्षारानं पांढरे ठिपके पडतात.
म्हणून आरओचा कॅन, वीस रुपयांचा.
पंक्चरवाला झाकीर दर वेळी हसतो:
"मानसं बोअरचं पितेत, अन् चाकाले आरओ!"
मी हसते. खरं आहे.
वरून मेण, बोटाच्या पेरानं, गोल गोल.

समोर नाल्यावर बैल धुणं चाललेलं असतं.
आज खांदमळण. लोणी, हळद,
जुवाखालच्या वळाला जरा जास्त.
पुनाजीभाऊंकडं आता बैल नाहीत.
ते एकदा नाल्याकडं बघतात,
मग वाकतात, मागच्या डाव्या चाकाशी,
आणि मला ऐकू जाऊ नये इतक्या हळू,
"आज आवतन घे," म्हणतात, "उद्या जेवाले ये."

मी मेणाचं झाकण शोधायला लागते.
ते माझ्या हातातच असतं.